पत्रकाची घडी आणि वाचकाचा हात

छापील पत्रक काढावयाचे ठरले, म्हणजे संस्थेच्या बैठकीत प्रथम मजकुराचा मसुदा वाचला जातो, मग छायाचित्रांची निवड होते, रंगांविषयीचे मतभेद यथावकाश मिटतात, किती प्रती काढल्या असता खर्च झेपेल याचा हिशेब खजिनदार मांडतात, आणि हे सर्व सोपस्कार उरकून काम छापखान्यात जाऊन पडले, की तेथील माणूस विचारतो, "घडी कोणती घालायची?" या प्रश्नाला बहुधा "नेहमीचीच घाला" असे उत्तर मिळते, कारण घडी ही छपाईनंतरची, बाइंडरच्या टेबलावरची बाब आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः हा प्रश्न मसुद्याची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी विचारला जावयास हवा. कारण वाचकाच्या दृष्टीस काय आधी पडावे, काय मागाहून पडावे आणि कोणत्या दोन गोष्टी एकदम पडाव्यात, हे ठरविण्याचा अधिकार पत्रकात लेखकाहून अधिक घडीकडे असतो.

पुस्तकाची गोष्ट निराळी. तेथे शिवण आणि पृष्ठांक मिळून अनुक्रम कायम करतात, आणि वाचकही वर्षानुवर्षांच्या सवयीने तो मान्य करतो. पत्रकाला यांपैकी कशाचाच आधार नसतो. एक ताव, त्याची दोन अंगे आणि त्यावर पडलेल्या दोन-तीन रेषा, एवढ्याच सामग्रीवर त्याचा सर्व व्यवहार चालतो. नाशिकसारख्या नगरात, जेथे २०२६ च्या ऑक्टोबरअखेरीस ध्वजारोहण होऊन २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नाने व्हावयाची असा सिंहस्थाचा बेत जाहीर झालेला आहे, तेथे प्रशासनापासून धर्मशाळांपर्यंत आणि आरोग्य खात्यापासून प्रवासी कंपन्यांपर्यंत सर्वांनाच पत्रके काढावी लागणार. तेव्हा या लहानशा विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

घडी योग्य निवडली म्हणजे काय साधते, याचे उत्तम उदाहरण नाशिककरांना लांब शोधावयास नको. पूर्वी आपली टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नाशिकरोड येथे सरकारी प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले आणि ते काम या देशात होऊ लागले. पुढे १९२८ पासून शेजारच्या छापखान्यात नोटाही निघू लागल्या. याच मुद्रणालयाने जी नित्योपयोगी टपालसामग्री घरोघर पोहोचविली, तीत २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झालेले अंतर्देशीय पत्र हे घडीच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक योजलेले म्हणावे लागेल. पोस्टकार्ड स्वस्त खरे, परंतु त्यावरील मजकूर पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचावा. पाकीट गुप्तता राखी, पण कागद निराळा, पाकीट निराळे आणि खर्चही अधिक. या दोहोंमधला मार्ग घडीने काढला. एकाच निळसर कागदाच्या दोन आडव्या घड्या घातल्या, डिंक लावलेले पदर चिकटविले, की तोच कागद पत्र होई आणि तोच लखोटा होई. आत काही ठेवू नये अशी सक्त सूचना त्यावर छापलेली असे, कारण आत दुसरा कागद शिरला की घडीचा सारा हिशेबच बिघडे. पत्ता कोठे लिहावयाचा, पाठविणाराचे नाव कोठे, मजकूर कोठून सुरू करावयाचा, हे कोणी कोणास शिकविले नाही. कागदाच्या रेषांनीच ते शिकविले. मजकूर संपता संपत नसला की "ता. क." घालून चिकटवण्याच्या पदरावरही बारीक अक्षरात चार ओळी लिहिणारे लोक त्या घडीचा अर्थ आपणांहून अधिक नेमका समजले होते.

याही मागे जाऊन पाहिले, तर आपल्या पेढ्यांवरच्या चोपड्यांची पाने आखलेली नसत. कोऱ्या पानाला उभ्या घड्या घालून सळ पाडीत, आणि त्या सळांनीच रकाने सिद्ध होऊन डावीकडे जमा व उजवीकडे नावे असा हिशेब मांडला जाई. रूळ नको, शाई नको, आणि शंभर पानांवर रकाना तसूभरही ढळावयाचा नाही. कागदाची घडी ही मजकुराची मांडणी करणारी वस्तू आहे, हे आपल्या कारकुनांना आणि मुनिमांना छापखाना येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

आता प्रकार पाहू. सर्वांत साधी ती एकघडी: ताव मधोमध दुमडला की चार पृष्ठे मिळतात. तिला गरिबांची घडी समजून हिणविण्याचा प्रघात आहे, तो अन्यायाचा होय. व्याख्यानमालेचा कार्यक्रम, संस्थेचा वार्षिक अहवाल, आरतीसंग्रह, यांना याहून दुसरी घडी शोभत नाही. याच साध्या घडीचा एक विशेष उपयोग नाशिक जिल्ह्यातच सुचावा असा आहे. मालेगावात मराठीबरोबर उर्दू वाचणारा समाज मोठा आहे आणि उर्दूचे पुस्तक आपल्या उलट बाजूने उघडते. लसीकरणाचे किंवा मतदारनोंदणीचे द्विभाषिक पत्रक तेथे काढावयाचे असेल, तर एकघडीच्या पहिल्या पृष्ठावर मराठी मुखपृष्ठ आणि चौथ्या पृष्ठावर उर्दू मुखपृष्ठ छापावे. आत डावे पान मराठीचे, उजवे पान उर्दूचे. मराठी वाचक आपल्या रीतीने उघडतो, उर्दू वाचक त्याच्या रीतीने उघडतो, दोघांनाही आपापला मजकूर आरंभापासून मिळतो आणि कोणाचीही भाषा मागच्या पानावर ढकलली गेली असे वाटत नाही.

"नेहमीची" म्हणून जिचा उल्लेख होतो ती तीनपदरी आतघडी. ए-फोर मापाचा कागद आडवा धरून त्याचे तीन भाग पाडावयाचे आणि उजवा भाग आत दुमडून त्यावर डावा भाग झाकण म्हणून आणावयाचा, किंवा याउलट. सहा पृष्ठे मिळतात, हातात धरावयास आटोपशीर वाटते आणि ११० बाय २२० मिलिमीटरच्या लांब पाकिटात विनातक्रार बसते. पण तीन भाग समान पाडले की येथेच पहिली फसगत होते. कागदाची रुंदी २९७ मिलिमीटर, म्हणून प्रत्येक भाग ९९ चा, हा हिशेब अंकगणिताला बरोबर असला तरी कागदाला बरोबर नसतो. आत जाणारा पदर झाकणाइतकाच रुंद असला, तर तो घडीच्या रेषेवर जाऊन अडतो, कड मुडपते आणि पत्रक फुगलेले दिसते. म्हणून १००, १०० आणि ९७ असे भाग पाडावयाचे. आतल्या अंगाने डावीकडून हाच क्रम. बाहेरच्या अंगाने नेमका उलटा, म्हणजे ९७, १०० आणि १००, आणि त्यातला शेवटला भाग हे मुखपृष्ठ. दोन्ही अंगांना एकच आखणी देणाऱ्याचे समास छपाईनंतर डोळ्यांदेखत घसरलेले दिसतात. उर्दू पत्रकासाठी हीच घडी घातली, तर हा सारा क्रम आरशातल्यासारखा उलटवावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

या घडीचा दुसरा स्वभाव मापाहून महत्त्वाचा आहे. वाचक मुखपृष्ठ उघडतो तेव्हा त्याला आतली तिन्ही पृष्ठे दिसत नाहीत. डावीकडे आतले पहिले पृष्ठ दिसते आणि उजवीकडे दिसते ती अजून न उघडलेल्या पदराची बाहेरची बाजू. ही दोन पृष्ठे छपाईच्या तावावर परस्परांच्या विरुद्ध अंगांना असतात, म्हणून संगणकाच्या पडद्यावर मांडणी करणाऱ्याला ती कधीच शेजारी दिसत नाहीत. वाचकाला मात्र तीच प्रथम शेजारी दिसतात. मजकूर आतल्या पहिल्या पृष्ठावरून दुसऱ्यावर वाहत नेला असेल, तर वाचक ओळ संपवून पदराच्या पाठीवर येऊन धडकतो आणि तेथे त्याला देणगीदारांची यादी भेटते. उलटपक्षी, त्या पदरावर एखादा प्रश्न मांडला आणि पदर उघडताच त्याचे उत्तर दिले, तर हीच घडी उत्तम वक्त्यासारखी काम करते. ज्या मजकुरात काही झाकून मग उघड करावयाचे आहे, अशाच मजकुराला ही घडी द्यावी.

जेथे झाकण्यासारखे काही नाही आणि गोष्ट ओळीने पुढे जाते, तेथे नागमोडी घडी घ्यावी. तिला छापखान्यात झेड फोल्ड म्हणतात. एक घडी पुढे, एक मागे. कोणताही पदर दुसऱ्याच्या पोटात जात नाही, म्हणून तिन्ही भाग सरळ ९९ चे पाडता येतात. गोदावरीचा ब्रह्मगिरीपासूनचा प्रवाह, पांडवलेण्यांतील एकामागून एक येणारे विहार व चैत्य, द्राक्षबागेच्या छाटणीपासून काढणीपर्यंतचे वेळापत्रक, असे जे जे क्रमाने पाहावयाचे ते ते या घडीत सुखाने उलगडते. आणि निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला ते वेळापत्रक औषधांच्या खोलीत भिंतीवर सलग टाचून ठेवता येते, हा आणखी एक लाभ.

चौथी कवाडघडी. डावा व उजवा असे दोन अरुंद पदर मध्यावर येऊन भेटतात आणि दाराच्या दोन कवाडांप्रमाणे उघडतात. ए-फोरसाठी मधला भाग १५० आणि दोन्ही पदर ७३.५ मिलिमीटरचे धरले, म्हणजे मध्ये पदरांची टक्कर होत नाही. लग्नपत्रिका, मूर्तिप्रतिष्ठा, नव्या वास्तूचे उद्घाटन, अशा प्रसंगी ती शोभून दिसते. तथापि साध्या घडीयंत्रावर ती सहसा एका फेरीत पडत नाही, पुष्कळदा हाताने घालावी लागते, आणि हजारोंच्या संख्येत हाताने घडी घालणे म्हणजे वेळ आणि मजुरी दोन्ही वाढविणे होय. शिवाय उभ्या उभ्या एका हाताने ती उघडता येत नाही. शोभेच्या मोहाने माहितीपत्रकाला ही घडी देणारे लोक वाचकाचा दुसरा हात मोकळा आहे असे गृहीत धरतात.

एका हाताचा प्रश्न सिंहस्थात सर्वांत तीव्र होतो. रामकुंडाकडे सरकणाऱ्या गर्दीत यात्रेकरूच्या एका हातात पिशवी किंवा मुलाचा हात असतो, पाऊस असतो, आणि त्याला हवी असते ती फक्त एवढी माहिती: स्नान कोणत्या दिवशी, कोठून आत जावयाचे, कोठून बाहेर पडावयाचे, चुकामूक झाल्यास कोठे विचारावयाचे. त्यातही नाशिकच्या सिंहस्थाची एक अडचण अशी, की तो दोन ठिकाणी भरतो. वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात, शैव आखाडे सुमारे २८ किलोमीटरवरील त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात, आणि तिथीही सर्व एक नसतात. २०१५ साली २९ ऑगस्ट आणि १३ सप्टेंबर ही स्नाने दोन्हीकडे होती, परंतु तिसरे स्नान नाशिकला १८ सप्टेंबरला झाले आणि त्र्यंबकेश्वरला २५ सप्टेंबरला. हा तपशील एकाच कोष्टकात कोंबला, की परप्रांतातून आलेला मनुष्य हमखास गोंधळतो.

येथे नागमोडी घडीचा एक गुण, जो एरवी कोणाच्या ध्यानात येत नाही, तो कामास येतो. या घडीत बाहेर दिसणारी पुढची आणि मागची पृष्ठे तावाच्या दोन निराळ्या अंगांवरची असतात, आणि दोन्ही अंगांवर ती डावीकडच्या टोकालाच पडतात. म्हणजे या पत्रकाला मुळातच दोन मुखपृष्ठे आहेत. एका अंगावर संपूर्ण नाशिक, त्याचे मुखपृष्ठ, तिथी, मार्ग. दुसऱ्या अंगावर संपूर्ण त्र्यंबकेश्वर, त्याचेही मुखपृष्ठ, तिथी, मार्ग. ज्याला जेथे जावयाचे ते अंग त्याने वर धरावे. दुसऱ्या गावाची एकही तारीख त्याच्या दृष्टीस पडणार नाही. हेच काम आतघडीत करावयास गेले, तर मुखपृष्ठ एकच मिळते आणि दोन गावांपैकी एकाला पाहुण्यासारखे मागे बसावे लागते.

नकाशा द्यावयाचा झाला, तर मात्र तीन पदर पुरत नाहीत. नाशिकरोड स्थानक, तपोवन, पंचवटी, बसस्थानके आणि त्र्यंबकचा रस्ता हे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसावयाचे, तर ताव मोठा हवा. ए-थ्री कागद, म्हणजे ४२० बाय २९७ मिलिमीटर, घेऊन त्याचे रुंदीत १०५ चे चार नागमोडी पदर पाडावेत आणि मग मधून एक आडवी घडी घालावी, की तो सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा होतो. हे भाग असे बिनचूक जुळतात याचे कारण या मापांच्या गणितात आहे. बाजूंचे प्रमाण १ : १.४१४ ठेवले, तर कागद कितीही वेळा निम्म्याने दुमडला तरी त्याचा आकार बदलत नाही, ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग याने १७८६ सालच्या एका पत्रात नमूद केली होती, आणि १९२२ साली जर्मनीने तिच्या आधारे कागदाची प्रमाणित मापे ठरविली, तीच आज आपल्याकडेही चालतात. नकाशाच्या घडीचा दोष एवढाच, की उभी व आडवी रेषा जेथे छेदतात तेथे कागद प्रथम फाटतो, आणि नेमके त्याच ठिकाणी रामकुंड आले तर नकाशा निरुपयोगी होतो. म्हणून महत्त्वाचे स्थळ छेदबिंदूवर येऊ नये, एवढी तजवीज आरंभीच करावी. जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांनी १९७० मध्ये या रेषा किंचित तिरप्या करून अशी घडी शोधली, की दोन कोपरे धरून ओढताच सारा ताव उघडतो. १९९५ मध्ये एका जपानी अंतराळयानाचा सौर पडदाही त्याच तत्त्वावर उलगडला. सार्वजनिक संस्थेच्या अंदाजपत्रकात ती घडी बसणार नाही, पण घडीचा विचार किती दूर जाऊ शकतो याची ती साक्ष आहे.

आता कागदाविषयी. कागदाचे तंतू तयार होतानाच एका दिशेला लोळतात. छापखान्यात त्या दिशेला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनच्या दिशेने घातली तर ती सुतासारखी सरळ पडते, आडवी घातली तर तंतू मोडून कड खरखरीत होते. ग्रेन ओळखण्याची रीत सोपी आहे. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या, एक उभी व एक आडवी, कापून चिमटीत एकत्र धराव्यात. जी मान टाकते तिच्यात ग्रेन आडवे असते. ए-फोरच्या तीनपदरी पत्रकात घड्या २१० मिलिमीटरच्या बाजूला समांतर पडतात, म्हणून ग्रेनही त्याच बाजूला हवे, आणि हे मोठा ताव कापण्यापूर्वीच बाइंडरला सांगावे लागते. कापल्यानंतर सांगून काही उपयोग होत नाही.

जाडीचा हिशेब जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असा होतो. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा ए-फोर कागद वजनाने बरोबर ५ ग्रॅम भरतो. पत्रकाला साधारणतः ९० ते १३० चा कागद पुरतो. त्याहून जाड, १७० च्या पुढचा, आर्ट पेपर घेतला, तर घडीपूर्वी क्रीजिंग, म्हणजे यंत्राने रेषा दाबून घेणे, टाळता येत नाही. हे न केल्याचा परिणाम पाहावयाचा असेल, तर गडद किरमिजी रंगाचे जाड पत्रक घडीवर निरखावे: रंगाचा थर तडकून आतला पांढरा कागद डोकावतो आणि सबंध पानावर एक वेडीवाकडी पांढरी रेघ उभी राहते. घडीच्या रेषेवर गडद रंग, बारीक अक्षरे आणि माणसांचे चेहरे येऊ देऊ नयेत, हा नियम यातूनच निघतो. सिंहस्थाच्या पत्रकाला तर गुळगुळीत आर्ट पेपरचा मोह सोडलेलाच बरा. मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदाच्या पावसात येतात, आणि या कागदावरचा लेप भिजला की पदर एकमेकांना असे चिकटतात, की उघडताना अक्षरे उचकटून येतात. साधा मॅपलिथो कागद भिजतो, पण वाळतोही, आणि त्यावर पेनाने दूरध्वनी क्रमांक लिहून घेता येतो.

या सर्व विवेचनाचे व्यावहारिक सार एका कोऱ्या कागदात मावते. छापखान्यात ज्याला डमी म्हणतात तो नमुना बैठकीतच करावा: खऱ्या मापाचा कोरा कागद घ्यावा, तो निवडलेल्या रीतीने दुमडावा, प्रत्येक पृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा टाकून डोक्याची बाजू बाणाने दाखवावी, आणि मग तो या विषयाशी काही संबंध नसलेल्या माणसाच्या हाती देऊन तो कोणत्या क्रमाने उघडतो ते मुकाट्याने पाहावे. त्याचा अंगठा जेथे प्रथम जाईल ते पहिले पृष्ठ. आपण ठरविलेले नव्हे. हा क्रम कळल्यावर मगच मजकुराची वाटणी करावी, आणि छापखान्याच्या मागणीपत्रात मापे, ग्रेन व घडी यांसह हा नमुना जोडून द्यावा.

असा नमुना फिरू लागला, की बैठकीत एक बिकट प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याची तयारी चिटणीसांनी ठेवलेली बरी. मुखपृष्ठाखालोखाल मोक्याची जागा म्हणजे उघडताच समोर येणारा तो पदर, आणि आपल्या सार्वजनिक संस्थांच्या शिरस्त्याप्रमाणे तेथे अध्यक्षांचे मनोगत छायाचित्रासह जाते, तर शौचालये, पिण्याचे पाणी आणि दवाखाना यांचे पत्ते पाठीमागच्या पृष्ठावर, मुद्रकाच्या नावाच्या वर, सहा पॉइंटात बसविले जातात. घडी या अन्यायाला साथ देत नाही आणि विरोधही करीत नाही. ती फक्त कोणाला आधी बसविले आहे ते वाचकाला स्पष्ट दाखवून देते. तेव्हा दवाखाना पदरावर आणावा आणि मनोगत मागे न्यावे. अध्यक्षांची यास हरकत असेल, तर त्यांना पत्रक हाती देऊन पावसात, एका हातात पिशवी घेऊन, दवाखान्याचा पत्ता शोधावयास सांगावे.